विषाचा उतारा ढिगाऱ्यातच

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या पश्चिम भागात असे कितीतरी ओढे आहेत, ज्यांच्या तळाचा दगड दिसत नाही. पाणी उथळ असते, वाहते असते, वरून पाहिले तर चक्क नितळही असते. पण तळावर नारिंगी रंगाची मऊ, दाट साय बसलेली असते. काडीने ढवळली तर ती धुरळ्यासारखी उठते आणि थोड्या वेळाने पुन्हा तशीच खाली बसते. त्या सायीखाली शेवाळ धरत नाही, किड्यांची अंडी जगत नाहीत, आणि किडेच नाहीत म्हटल्यावर मासाही नाही. तिथले खाणकामगार या गाळाला ‘यलो बॉय’ म्हणत आले आहेत. कोळसा संपल्यावर कंपन्या निघून गेल्या, वस्त्या ओस पडल्या, बोगद्यांच्या तोंडावर झाडे वाढली, तरी आतून पाणी येतच राहिले. खाणींच्या पाण्याने बिघडलेल्या ओढ्यानद्यांची लांबी त्या एका राज्यात साडेपाच हजार मैलांहून, म्हणजे सुमारे ८,८०० किलोमीटरांहून अधिक भरते. या पाण्यावर उपाय काय, हा प्रश्न जुना आहे. गेल्या तीन-चार दशकांत त्याला जे एक उत्तर मिळत गेले, त्याचा विचार इथे करायचा आहे: हे आम्ल मारण्याचे सामान पुष्कळदा त्याच खाणीच्या, नाहीतर शेजारच्या खाणीच्या किंवा भट्टीच्या टाकाऊ ढिगाऱ्यात पडलेले असते. फक्त ते कोणत्या ढिगाऱ्यात आहे, किती आहे आणि पाण्याला नेमके कुठे गाठायचे, हे मोजून ठरवावे लागते. मोजणीचे हे काम टाळले, तर उपाय म्हणून आणलेला कचरा दुसरा अपाय होऊन बसतो.

आधी आम्ल येते कुठून ते पाहू. कोळशाच्या थरात आणि त्याच्या वरखालच्या खडकात पायराइट नावाचे खनिज असते. लोखंड आणि गंधक यांचे हे संयुग पितळेसारखे चमकते. जमिनीच्या पोटात, हवेपासून दूर, ते कोट्यवधी वर्षे निमूट पडून असते. खाणकाम त्याला फोडते, त्याला हवा लागते, वरून पाणी पडते. मग गंधकाचे गंधकाम्ल होते आणि लोखंड विरघळून पाण्यात उतरते. या विरघळलेल्या लोखंडाला रसायनशास्त्रात फेरस म्हणतात. त्याने ऑक्सिजन घेतला की त्याचे फेरिक होते, आणि हे फेरिक उरलेल्या पायराइटवर असे तुटून पडते की नुसत्या ऑक्सिजनला तो वेग कधीच गाठता येत नाही. म्हणजे पहिल्या घासातून दुसऱ्या घासाची तयारी होते. खरे तर आम्ल पाण्यात फेरसचे फेरिक होणे फार सावकाश व्हायला हवे. पण १९४७ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या संशोधकांना खाणीच्या पाण्यात एक जिवाणू सापडला, जो हेच काम करून त्यावर जगतो. पुढे १९७० साली सिंगर आणि स्टम या दोघांनी दाखवून दिले की सगळ्या साखळीचा वेग याच एका पायरीवर अडतो, आणि जिवाणू तिला दहा लाख पटींहून जास्त वेग देतात. एकदा हे चक्र सुरू झाले की पायराइट, हवा किंवा पाणी यांपैकी एक काहीतरी संपेपर्यंत ते थांबत नाही. आम्ल जाता जाता खडकातले ॲल्युमिनियम, मँगनीज, कुठे जस्त आणि तांबेही सोबत घेते. शेतकऱ्यांना मातीच्या तपासणीमुळे ‘सामू’ हा शब्द ठाऊक असतो. शुद्ध पाण्याचा सामू ७, आणि तो एकाने उतरला की आम्लता दहापट होते. कोळशाच्या वाईट खाणींचे पाणी ३ च्या आसपास असते. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन या जुन्या धातूच्या खाणीत तर उणे ३.६ सामूचे पाणी मोजले गेले आहे.

आम्लावर चुना, हे आपल्याला शाळेपासून माहीत असते, आणि रूढ उपाय तोच आहे. कळीचा किंवा विरवलेला चुना पाण्यात मिसळायचा, हवा घुसळायची, लोखंडाचा गाळ टाकीत बसू द्यायचा आणि वरचे स्वच्छ पाणी नदीत सोडायचे. हे खात्रीने जमते. अडचण पुढे आहे. चुना दगड भाजून करतात, म्हणजे इंधन लागते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो विकत आणावा लागतो, माणूस आणि वीज कायम लागते, आणि साध्या पद्धतीने निघालेल्या गाळात ९५ टक्क्यांहून अधिक पाणीच असते, तो ठेवायचा कुठे हा रोजचा प्रश्न. चालू खाण हा खर्च सोसते. पण पेनसिल्व्हेनियातल्या बहुतेक ओढ्यांच्या उगमाशी आज मालकच उरलेला नाही. १९७७ साली अमेरिकेने कायदा करून नव्या खाणींवर जबाबदारी घातली आणि जुन्यांसाठी कोळशावर कर बसवला. २०२१ साली ११.३ अब्ज डॉलर आणखी दिले. तरीही हजारो झऱ्यांवर हजारो चुना-केंद्रे चालवणे कोणत्याही सरकारला परवडणारे नाही. म्हणून जो कचरा आधीच दळलेला, भाजलेला आणि खाणीजवळच पडलेला आहे, त्याच्याकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते.

या विचाराचा पाया एका साध्या जमाखर्चात आहे, आणि तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. खडकात पायराइट असते तसा चुनाही असतो. एकाच डोंगरात काळा शेलचा थर आम्ल सोडतो आणि त्याच्या चार मीटर वरचा थर ते मारू शकतो. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात १९७०च्या दशकात हे मोजण्याची पद्धत बसवली गेली: प्रत्येक थराचा नमुना काढा, त्यातला गंधक नावे लिहा, चुना जमा लिहा. एक टन खडकात पायराइटमधला गंधक एक टक्का असेल, तर त्याचे सगळे आम्ल मारायला ३१.२५ किलो शुद्ध चुनखडी लागते. गंधक दोन टक्के असेल तर साडेबासष्ट किलो. आता खाणीवर प्रत्यक्ष काय घडत होते? यंत्र वरचा थर आधी काढते आणि तो ढिगाऱ्यात तळाला जातो. कोळशाला चिकटून असलेला गंधकी थर शेवटी निघतो आणि ढिगाऱ्याच्या माथ्यावर, थेट हवापाण्यात येतो. डोंगराची घडी उलटी होते. चुना होता, पण चुकीच्या जागी. हाच माल मोजून, मिसळून आणि गंधकी खडक पाण्याच्या वाटेतून बाजूला ठेवून रचला, तर पुढची कित्येक वर्षांची आम्लता जन्मालाच येत नाही. कचऱ्याचा सर्वांत चांगला पुनर्वापर हाच, आणि त्याला नवीन यंत्र लागत नाही. खोदण्याआधी नमुने तपासण्याची तयारी लागते.

जुन्या ढिगाऱ्यांना ही सोय उरलेली नाही. ते आधीच उलटे रचलेले आहेत. तिथे पेनसिल्व्हेनियाने वेगळी वाट धरली. कोळसा निवडून झाल्यावर उरलेल्या निकृष्ट, दगडमिश्रित मालाचे तिथे डोंगर उभे होते. त्यांतून आम्ल झिरपत होते आणि काही आतल्या आत जळतही होते. १९८०च्या दशकाच्या शेवटी हाच माल जाळणारी वीज केंद्रे उभी राहू लागली. त्यांच्या भट्टीत खालून जोरात हवा सोडतात, त्यामुळे आतला सगळा माल उकळत्या भातासारखा खदखदत राहतो, आणि कोळशाबरोबर चुनखडीचा चुरा टाकतात. चुरा भाजून चुना होतो आणि गंधकाचा धूर तिथल्या तिथे धरतो. पण सगळा चुना वापरला जात नाही. म्हणून या भट्टीची राख नुसती राख नसते. तिच्यात मोकळा चुना उरलेला असतो आणि पाणी लागले की ती कच्च्या सिमेंटसारखी घट्ट होते. मग ढिगारा ज्या जागेवरून उचलला, तिथेच ही राख पसरून दाबतात. आम्लाचा उगम जळून गेला, जागा भरली, आणि भरावात चुना आला. कागदावर काट्याने काटा काढल्यासारखे हे गणित बसते, आणि पुष्कळ ठिकाणी जमिनीवरही बसले.

पण पाणी आत्ताच वाहत असेल तर काय करायचे? पहिला मोह असतो चुनखडीचे दगड सरळ ओढ्यात टाकण्याचा. तो का फसतो, हे एका दगडावरून समजते. मुठीएवढा चुनखडीचा दगड आम्ल, लोखंडी पाण्यात ठेवला की सुरुवातीला त्यावर बारीक बुडबुडे येतात, म्हणजे दगड विरघळतो आहे. दगडाला लागून असलेल्या पाण्याची आम्लता उतरते, आणि नेमके तिथेच लोखंड गंजाच्या रूपाने बाहेर पडते. बघता बघता दगडावर तांबूस साल चढते. काही महिन्यांनी तो फोडला तर आत कोरा, पांढरट दगड निघतो. कवचामुळे पाणी त्याच्यापर्यंत पोहोचलेलेच नसते. औषध बाटलीतच राहिले. यावर ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या लोकांनी काढलेली तोड मला फार शहाणपणाची वाटते. पोलादाच्या भट्टीतली मळी, म्हणजे स्लॅग, तिथे ढिगांनी पडलेली असते. काटेकोरपणे हा खाणीचा कचरा नव्हे, पण त्याच खनिजाच्या वाटेवरचा शेवटचा टप्पा. तिच्यातला चुना काचेसारख्या रचनेत अडकलेला असतो आणि हळूहळू सुटतो. ही मळी त्यांनी आम्ल पाण्यात टाकली नाही. आम्ल मिसळते त्या जागेच्या वर, जिथे ओढ्याचे पाणी अजून स्वच्छ आहे, तिथे तिचा वाफा केला. स्वच्छ पाणी वाफ्यातून झिरपते, चुना घेते आणि खाली जाऊन आम्लाला भेटते. स्वच्छ पाण्यात लोखंड नसल्यामुळे मळीवर कवच चढत नाही. उघड्या प्रवाहात चुनखडीकडून लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्या आतबाहेर जो आम्ल मारण्याचा गुण मिळतो, तो ताज्या मळीकडून हजार मिलिग्रॅमच्याही पुढे जातो. ओहायोतल्या रॅकून क्रीकच्या खोऱ्यात असे वाफे आहेत. पंप नाही, वीज नाही. उतार आहे आणि जागेची नेमकी निवड आहे.

या वाफ्यांचे दुखणेही सांगितले पाहिजे. इतक्या चुनखळ पाण्याला हवा लागली की ते हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढते, आणि आपण भिंतीला दिलेला चुना जसा वाळून कडक होतो, तसा पांढरा थर खड्यांमध्ये आणि नळांमध्ये धरतो. वाफा तुंबतो. पाला आणि माती येऊन तुंबतो ते वेगळेच. काही वाफे अपेक्षेपेक्षा लवकर थकले. म्हणजे ‘एकदा बांधा आणि विसरा’ असे यात काही नाही. उकरणे, धुणे, मळी बदलणे हे ठरावीक मुदतीने करावेच लागते, आणि त्याचा खर्च पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला नाही तर पाचसात वर्षांत ओढा पुन्हा नारिंगी होतो.

दुसऱ्या टोकाला, पाणी शुद्ध झाल्यावर खाली बसलेला गाळ हाही कचराच. पण तो आहे काय? बहुतांशी लोखंडाचा गंज, म्हणजे जगातले सर्वांत जुने रंगद्रव्य. गेरू आणि पिवळी माती हेच आहे. आपण तुळशीवृंदावनाला आणि कुंड्यांना लावतो त्याच कुळातले. पेनसिल्व्हेनियात रॉबर्ट हेडिन यांनी १९९०च्या दशकात खाणीच्या पाण्यातून स्वच्छ लोह-ऑक्साइड वेगळा काढून रंगासाठी विकायला सुरुवात केली. ओहायो विद्यापीठातले अभियंते गाय रीफलर आणि चित्रकार जॉन सॅब्रॉ यांनी तोच मार्ग पुढे नेला, आणि गॅम्बलिन या रंग बनवणाऱ्या कंपनीने त्यापासून तैलरंग केले. पाण्यात हवा किती वेगाने घुसळली, सामू किती ठेवला आणि नंतर पूड किती तापवली यावर पिवळा, तांबडा की जांभळट रंग मिळणार हे ठरते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या संशोधकांनी हाच गाळ दुभत्या जनावरांच्या गोठ्यातल्या सांडपाण्यातून फॉस्फरस धरण्यासाठी वापरून पाहिला. गंज फॉस्फेटला घट्ट पकडतो, आणि तलावांत शेवाळ माजवणारा तोच असतो. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात पॉल झीमकिविझ यांच्या गटाने गाळातून दुर्मीळ मृदा धातू काढण्याचा मार्ग बांधला. दक्षिण आफ्रिकेत इमालाहलेनी येथे २००७ पासून कोळशाच्या खाणींचे पाणी पिण्यायोग्य केले जाते, आणि त्यातून निघालेले जिप्सम बांधकामाच्या कामी आणले गेले. या विक्रीतून शुद्धीकरणाचा सगळा खर्च निघेल असे मात्र कोणी समजू नये. रंगाची बाजारपेठ मर्यादित आहे आणि गाळ सगळीकडे सारखा शुद्ध नसतो. पण गाळ पुरण्याऐवजी कोणी पैसे देऊन उचलून नेतो, एवढ्यानेही एखाद्या गावच्या पाणलोट समितीचा हिशेब तगू शकतो.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते वजनदार आहेत. पहिला आणि सर्वांत गंभीर असा: राखेत आणि मळीत आर्सेनिक, सेलेनियम, क्रोमियम असतात, आम्ल मारण्याच्या नावाखाली आपण ही विषे भूजलात पोहोचवत नाही ना? हा आक्षेप हवेतला नाही. लोखंड, ॲल्युमिनियम, तांबे हे धातू चुनखळ पाण्यात खाली बसतात, हे खरे; पण आर्सेनिक, सेलेनियम आणि क्रोमियमचा एक प्रकार यांची रीत उलटी. सामू फार वाढला की त्यांतले काही सुटून पाण्यात येतात. म्हणजे सामू चढला एवढ्यावरून पाणी सुधारले असे म्हणता येत नाही. २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने खाणीत राख भरण्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. खाणीच्या पुनर्भरणात राखेला जागा असू शकते, असे त्यात मान्य केले होते. पण प्रत्येक राखेची आणि प्रत्येक जागेची आधी तपासणी आणि नंतर दीर्घकाळ देखरेख हवी, आणि ती त्या वेळी पुरेशी होत नव्हती, हेही स्पष्ट होते. पुढच्याच वर्षी एका पर्यावरणवादी संस्थेने पेनसिल्व्हेनियातल्या राख भरलेल्या पंधरा खाणींच्या नोंदी तपासल्या आणि दहा ठिकाणी पाणी बिघडल्याचे म्हटले. उद्योगाने ते नाकारले; खाणीचे पाणी आधीच बिघडलेले असल्याने दोष कुणाचा हे वेगळे काढणे अवघड, असा त्यांचा युक्तिवाद होता. माझ्या मते हा युक्तिवादच त्यांच्या विरोधात जातो. राख टाकण्याआधीची नोंद नीट ठेवली असती, तर वाद उरलाच नसता.

१९९६ साली मेरीलँड राज्यात झालेला एक प्रयोग या बाबतीत फार शिकवून जातो, आणि त्याचे यश अर्धे आहे म्हणूनच मला तो विश्वासार्ह वाटतो. फ्रेझी नावाच्या एका लहान, सोडून दिलेल्या कोळशाच्या खाणीत वीज केंद्रांच्या निरनिराळ्या राखा पाण्यात कालवून केलेले सुमारे ५,६०० घनयार्ड मिश्रण भोके पाडून आत सोडण्यात आले. त्यात बाजारचे सिमेंट नव्हते. कल्पना अशी की पोकळी भरेल, हवा-पाणी पायराइटपर्यंत जाणार नाही, आणि राखेतला चुना आम्ल मारेल. सुरुवातीला घडले भलतेच. आत साचलेले आम्ल पाणी मिश्रणाने रेटले गेले, जुने क्षार ढवळले गेले, आणि बाहेर येणारे पाणी आधीपेक्षा खराब झाले. नंतर धातूंचे प्रमाण उतरत गेले. पुढच्या काळात आतून काढलेले राखेचे गाभे घट्ट आणि शाबूत निघाले. मात्र पाणी काही गोड झाले नाही. ते आम्लच राहिले, कारण खाणीची प्रत्येक पोकळी भरता आलेली नव्हती. पहिल्या सहा महिन्यांत मोजमाप थांबवले असते तर निष्कर्ष ‘अपयश’ असा निघाला असता. नुसता राखेचा गाभा तपासला असता तर ‘पूर्ण यश’. दोन्ही खोटे ठरले असते.

दुसरा आक्षेप व्यवहारी अभियंत्यांचा: एवढी यातायात कशाला, चुन्याचे केंद्र उभारा, सामू हवा तेवढा ठेवा. मोठ्या, सतत वाहणाऱ्या, धातूंनी भरलेल्या पाण्यासाठी हे म्हणणे बरोबर आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये व्हील जेन या कथिलाच्या खाणीतून १९९२ च्या जानेवारीत आम्ल पाण्याचा लोंढा नदीत उतरला आणि खाडी नारिंगी झाली. तिथे शेवटी चुन्याचेच केंद्र बसवावे लागले. अशा जागी मळीच्या वाफ्यांचा आग्रह धरणे हट्ट ठरेल. पण चुन्याच्या चांगल्या केंद्रांतही आता बसलेला गाळच पुन्हा टाकीत फिरवतात; नवा गंज जुन्या कणांवर चढतो, गाळ दाट होतो आणि त्याचे आकारमान कितीतरी घटते. टाकाऊतून काम करून घेणे चुन्याच्या घरातही शिरले आहे. आणि दुर्गम दरीतल्या शे-दोनशे लहान झऱ्यांसाठी चुन्याचे केंद्र होणारच नसते; तिथे वाफा किंवा नुसता ओढा एवढेच दोन पर्याय असतात.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो मला सर्वांत जास्त बोचतो. कचऱ्याला ‘उपयोगी’ म्हटले की तो टाकण्याचा परवाना मिळतो. ज्याला राखेची विल्हेवाट लावायची आहे तोच जर ती औषध म्हणून देऊ लागला, तर मात्रा रोग्याकडे पाहून ठरत नाही, साठ्याकडे पाहून ठरते. हा धोका नियमानेच आटोक्यात येतो: खाणीच्या आम्लाचा हिशेब जेवढा चुना मागतो त्याहून एक टनही जास्त राख ‘उपचार’ म्हणून मोजली जाऊ नये, बाकीची जी काही असेल ती कचरा म्हणून, कचऱ्याच्या अटींवर ठेवावी.

हा मुद्दा महाराष्ट्रात थेट लागू होतो. चंद्रपूर, वणी, उमरेड या पट्ट्यातला कोळसा गोंडवाना काळातला आहे. त्यात गंधक साधारण एक टक्क्याहून कमी असतो, त्यामुळे विदर्भातल्या बहुतेक खाणींचे पाणी आम्ल नसते. आणि आपल्या वीज केंद्रांची राख साध्या भट्टीतली आहे; तिच्यात मोकळा चुना अगदी थोडा. केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने वीज केंद्रांना सगळी राख वापरात आणणे बंधनकारक केले आणि रिकाम्या खाणी भरणे हा वापर मानला. खड्डा भरण्यासाठी ती राख कामाची असेलही, पण पेनसिल्व्हेनियात राखेने आम्ल मारले म्हणून चंद्रपूरची राखही पाणी सुधारेल असे कोणी म्हणाले, तर ते चूक आहे: इथे तो रोग सहसा नाही आणि त्या राखेत ते औषधही नाही. इथल्या टाकाऊचा खरा उपयोग वेगळा आहे, आणि वेस्टर्न कोलफील्ड्सने नागपूरजवळ तो करून दाखवला: खाणीवरची माती, जिला तिथे सगळे ‘ओबी’ म्हणतात, धुऊन तिच्यातून बांधकामाची रेती काढली. गोव्यातल्या खाणींच्या डंपांतही आम्लाचा प्रश्न नाही. तिथले लोहखनिज ऑक्साइडचे आहे, म्हणून पावसाळ्यात शेतात येतो तो गाळ, आम्ल नव्हे.

भारतात हा रोग खरा बळावला आहे तो ईशान्येला. मेघालयातल्या जयंतिया टेकड्यांचा कोळसा नंतरच्या काळातला आहे, गंधक दोन ते सात टक्क्यांपर्यंत. त्यातला बराच गंधक कोळशाच्या रचनेत बांधलेला असला तरी पायराइटचा वाटा आम्लासाठी पुरून उरतो. उंदराच्या बिळांसारख्या खोदलेल्या हजारो खाणी, तोंडाशी टाकलेले ढीग, आणि खाली लुनार, मिंतडू, लुखा या नद्या. लुखा हिवाळ्यात निळी पडते; डोळ्याला सुंदर दिसते आणि मासेमाऱ्याच्या जाळ्यात काही येत नाही. कोपिली जलविद्युत प्रकल्पाची यंत्रे याच आम्लाने खाल्ली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने १७ एप्रिल २०१४ रोजी अशा खाणकामावर बंदी घातली, तरी डिसेंबर २०१८ मध्ये क्सान येथे बुडालेल्या खाणीत पंधरा मजूर अडकले. मजुरांचा जीव घेणारी बिळे बंद करणे हे पहिले काम, आणि कोणताही वाफा त्याला पर्याय नाही. पण आज सगळी बिळे बुजली तरी ढिगाऱ्यांतले पायराइट उद्या सकाळी आम्ल सोडणारच.

त्याच टेकड्यांत, लुम्शनाँगच्या आसपास, सिमेंट कारखान्यांसाठी चुनखडीच्या मोठ्या खाणी आहेत. खाण आणि क्रशर म्हटले की विकण्याजोग्या खडीखाली बारीक चुरा उरतोच. पोलादाची मळी शेकडो किलोमीटरांवरून आणण्याची इथे गरज नाही. कवच चढण्याची अडचणही चुऱ्याला दगडाइतकी नडत नाही, कारण कण लहान असला की कवच जाड होण्याआधीच तो बराचसा विरघळून जातो. वेस्ट व्हर्जिनियात चुनखडीची रेती डोंगरी ओढ्यांच्या वरच्या अंगाला ओतून ठेवतात आणि पूर ती खाली नेत जातो. मात्र तिथे पाऊस वर्षभर विभागून पडतो. जयंतियात हिवाळ्यात पाणी आटून आम्ल दाट होते, कोरड्या महिन्यांत ढिगाऱ्यांच्या पृष्ठभागावर गंधकाचे पिवळट-पांढरे क्षार फुलतात, आणि पहिल्या जोरदार सरींत ते एकदम विरघळून खाली येतात. त्यानंतरच्या आषाढ-श्रावणात तर ओढ्यात ठेवलेली कोणतीही रेती जागेवर राहणार नाही. म्हणून चुरा मुख्य ओढ्यात टाकून भागणार नाही. तो ढिगाऱ्यांच्या पायथ्याशी, बिळांच्या तोंडाखालच्या चरांत, मे महिना उजाडायच्या आत भरून ठेवावा लागेल. आणि किती भरायचा ते प्रत्येक ढिगाऱ्याच्या नमुन्यातला पायराइटचा गंधक मोजून, टनामागे टक्क्याला ३१.२५ किलो या दराने.